क, य आणि शेजारची विहीर

कायद्याच्या ग्रंथांत ‘क’ आणि ‘य’ नांवाचीं दोन माणसें फार वर्षांपासून नांदत आलेलीं आहेत. त्यांना जात नाहीं, गांव नाहीं, वय नाहीं. बायकामुलें असलींच तर तीं वारसाच्या प्रश्नापुरतीं. ‘क’ बहुधा कांहींतरी आगळीक करतो आणि ‘य’ ती सोसतो. ‘क’ ‘य’च्या जमिनींतलें झाड तोडतो, ‘क’ खिशांत आमिष ठेवून ‘य’चा कुत्रा आपल्यामागें लावतो, ‘क’ ‘य’च्या बर्फघरांत पाणी सोडून बर्फ वितळवतो. हें शेवटचें उदाहरण वाचतांना मौज वाटते. ज्या कलकत्त्यांत आपल्या दंडसंहितेचा मसुदा तयार झाला, तेथें १८३३ पासून अमेरिकेहून जहाजानें बर्फ येत असे. पण जालन्याकडच्या शेतकऱ्यानें त्या काळीं बर्फघर कशास पाहिलें असेल!

आपल्या शास्त्रकारांचा देवदत्त हा या ‘क’चाच वडील भाऊ म्हणावयाचा. दिवसा न जेवणारा लठ्ठ देवदत्त रात्रीं जेवत असला पाहिजे, एवढें सिद्ध करण्यापुरताच तो जन्मास आला. सामान्य नियम ताग्यांतल्या कापडासारखा असतो. तो अंगास बसतो कीं नाहीं हें पाहावयास कोणाचें तरी अंग लागतें, आणि तें उसनें अंग हीं कल्पित माणसें पुरवितात. मात्र त्या अंगांत रक्त नसल्यामुळें मापें कधीं कधीं फसवीं ठरतात. म्हणून या दोघांना थोडा वेळ ग्रंथाबाहेर काढून जालना जिल्ह्यांत वस्तीस न्यावें, असा विचार आहे. त्यांच्यासाठीं दोन जागा योजिल्या आहेत. एक नदीचा उतार आणि दुसरी विहीर.

पहिली गोष्ट नदीची. मेकॉलेच्या आयोगानें १८३७ सालीं मसुदा सादर केला, तेव्हां त्यास कांहीं टिपणें जोडलीं होतीं. कांहीं न करण्यानेंहि माणूस गुन्हेगार केव्हां ठरतो, याचा ऊहापोह त्यांपैकीं एका टिपणांत आहे. त्यांतला एक प्रसंग असा. नदीस पूर आला असून उतार धोक्याचा झाला आहे. ‘क’ला तें ठाऊक आहे, ‘य’ला नाहीं. ‘क’ बोलत नाहीं, ‘य’ पाण्यांत शिरतो आणि बुडून मरतो. वाटसरूंना बजावण्यासाठींच सरकारनें ‘क’ला शिपाई म्हणून तेथें उभें केलें असेल, तर तो खुनी. ‘य’ला पार नेण्याचें पत्करलेला वाटाड्या तो असेल, तरीहि खुनी. परंतु माणुसकीपलीकडे ‘य’चा त्याच्यावर कोणताच हक्क नसेल, तर तो खुनी नव्हे.

दुधना, कुंडलिका किंवा पूर्णा यांवरच्या एखाद्या ठेंगण्या नळकांडी पुलावर हा प्रसंग आणून ठेवावा. भाद्रपदाचा महिना आहे, वरच्या अंगास पाऊस झाला आहे आणि पुलावरून गुडघाभर गढूळ पाणी धावत आहे. तहसीलदारांच्या हुकुमानें कोतवाल तेथें उभा असेल आणि तो मोटारसायकलवाल्यास न अडवितां विडी ओढीत बसला, तर कायदा त्यास जाब विचारील. पलीकडे चहाची टपरी आहे. पुलाचा कठडा गेल्या रात्रीं वाहून गेला हें टपरीवाल्यास माहीत आहे. तो गप्प राहिला, तर त्यास कोणीहि विचारणार नाहीं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. त्या स्थित्यंतरांतहि टपरीवाल्याच्या स्थितींत फरक पडलेला नाहीं.

असें लिहिणाऱ्या मेकॉलेला निर्दय म्हणणें सोपें आहे. पण त्याची अडचण खरी होती. उपाशी भिकाऱ्यास धनिकानें पैसा नाकारला आणि भिकारी मेला. धनिकास फांशी द्यावयाची काय? मग जो स्वतःच अर्धपोटी आहे, त्यास किती शिक्षा? एका रोग्यावर शस्त्रक्रिया करूं शकेल असा एकच वैद्य साऱ्या देशांत आहे. तो कलकत्त्यास आणि रोगी मीरतेस. वैद्य गेला नाहीं, तर तो खुनी होतो काय? ही रेषा कोठें ओढावी हें सांगतां येत नाहीं, म्हणून ती दंडाच्या कायद्यानें ओढूंच नये. त्यानें लोकांना प्रत्यक्ष अपकारापासून आवरावें आणि उपकाराची प्रेरणा लोकमतावर व धर्मनीतीच्या शिक्षकांवर सोंपवावी, असा त्याचा निर्णय. फ्रान्सनें १९४१ पासून वेगळा मार्ग धरला आणि संकटांतील माणसास, स्वतःस धोका नसतांना, मदत न करणें हा गुन्हा ठरविला. आपल्याकडे २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती झाली, ती अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला संरक्षण देण्यापुरती. मदत न करणारा पूर्वीसारखाच मोकळा आहे. मला स्वतःला मेकॉलेचाच निर्णय मान्य आहे. टपरीवाल्यास तुरुंगांत घालण्याची सत्ता ज्या फौजदाराच्या हातीं येईल, तो फौजदार उद्यां कोणाकोणाला पुलावर हजर दाखवील, याची कल्पना वाचकांनींच करावी.

परंतु या उदाहरणांत आणखी एक गोष्ट आहे आणि पुढील प्रश्नासाठीं तीच हवी आहे. लहान गांवांत निव्वळ ‘य’ असा कोणी नसतोच. पुलावर आलेला मनुष्य भाच्याचा मेहुणा निघतो, नाहीं तर ज्याच्याकडून बियाणें उसनें आणलें तो तरी निघतो. ‘य’ खराखुरा ‘य’ होतो तो परगांवचा ऊसतोड मजूर बिऱ्हाड घेऊन जातो तेव्हां, किंवा रस्ता चुकलेला ट्रकवाला येतो तेव्हां. नातें नाहीं, करार नाहीं, नेमणूक नाहीं. एक एक धागा काढून टाकला, तरी टपरीवाल्याचें मौन आपणांस खुपतेंच. याचें कारण त्याच्यापाशीं एक वस्तु शिल्लक राहते: त्याला ठाऊक होतें. कठडा गेल्याचें त्यास ठाऊक नसतें, तर आपण त्यास शब्दानेंहि दोष दिला नसता. दुसरे सर्व संबंध तोडले तरी ज्ञानाचा संबंध तुटत नाहीं.

आतां विहिरीकडे येऊं. येथें पाणी फार नसून थोडें आहे आणि ‘क’ स्वस्थ बसलेला नसून काम करीत आहे. जालन्याची जमीन काळ्या पाषाणावर बसलेली. त्या पाषाणाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत जें पाणी मुरतें तेंच विहिरींत येतें. पाऊस सातशें मिलिमीटरच्या आसपास, तोहि लहरी. अशा मुलखांत लोकांनीं मोसंबीच्या बागा लाविल्या. मोसंबीचें झाड एका हंगामाचें नव्हे. तें वाळलें म्हणजे शेतकऱ्याचीं सहा-सात वर्षें वाळतात. २०१२-१३ च्या दुष्काळांत तशा बागांवर कुऱ्हाड चालवितांना लोकांना पाहावें लागलें.

समजा, ‘य’ची बाग उताराच्या खालच्या अंगास असून आजोबांनीं बांधलेली चाळीस फुटांची विहीर तीस पाणी देते. वरच्या अंगास ‘क’चें शेत आहे. ‘क’ तीनशें फूट बोअर घेतो, मोटर बसवितो आणि माघ संपण्यापूर्वीं ‘य’च्या विहिरीचा तळ दिसूं लागतो. ‘क’नें ‘य’चें कांहीं नेलें काय? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यांत याचें उत्तर एका उदाहरणाच्याच रूपानें दिलेलें आहे: जें पाणी जमिनीखालीं निश्चित प्रवाहानें वाहत नाहीं, तें आपल्या हद्दींत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा प्रत्येक जमीनमालकास हक्क आहे. ‘य’चें नुकसान झालें खरें, पण अपराध झाला नाहीं.

हा नियम आला इंग्लंडांतून. १८४३ सालीं ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्यांत एका गिरणीमालकाची विहीर दूरवर खोदलेल्या कोळशाच्या खाणींमुळें आटली होती. न्यायालयानें त्यास दाद दिली नाहीं. नदीचा ओघ सर्वांस दिसतो, म्हणून तिच्यावरचे परस्परांचे हक्क ठरवितां येतात; भूगर्भांतलें पाणी कोठून येतें व कोठें जातें हें कोणासच कळत नाहीं, तेव्हां तेथें कोणावर काय बंधन घालावयाचें, असा त्या निकालाचा एक आधार होता. पुढें १८९५ सालीं ब्रॅडफर्डच्या पिकल्स नामक गृहस्थांनीं याच नियमाचा उपयोग करून दाखविला. नगरपालिकेनें आपली जमीन चढ्या भावानें घ्यावी म्हणून शहराचें पाणी तुटेल असा खड्डा त्यांनीं आपल्या जमिनींत खणावयास घेतला. आणि हक्क असेल तर हेतु पाहावयाचा नाहीं, असें लॉर्डांच्या सभागृहानें सांगितलें.

म्हणजे विहिरीचा नियम उभा आहे तो बऱ्याच अंशीं अज्ञानावर. नदीकांठचा ‘क’ ठाऊक असून गप्प राहिला. विहिरीच्या ‘क’ला ठाऊक असणेंच शक्य नाहीं, असें कायद्यानें धरून चालविलें. १८४३ सालीं लँकेशायरांत तें कदाचित् रास्त असेल. आज जालन्यांत तसें म्हणतां येईल काय? कोणत्या ओढ्याच्या कांठीं कोणाची विहीर केव्हां उतरते, हें गांवांतलें शेंबडें पोरहि सांगतें. भूजल सर्वेक्षण खात्याचे लोक वर्षांतून ठराविक वेळां निरीक्षण-विहिरींत फीत सोडून पातळी मोजतात. ‘क’ची मोटर सुरू झाली कीं ‘य’च्या विहिरींत पाण्याची रेषा दगडागणिक खालीं सरकते, आणि ‘क’ बांधावर उभा राहून ती पाहूं शकतो. ज्या अज्ञानानें त्यास मोकळें केलें होतें तें उरलेलें नाहीं. मोकळीक मात्र उरली आहे.

कायदेमंडळास हें अगदींच उमगलें नाहीं असें नाहीं. १९९३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. २००९ चा कायदा २०१४ पासून अमलांत आला. त्यानें अधिसूचित क्षेत्रांत शेतीसाठीं ६० मीटर किंवा अधिक खोल विहिरी घेण्यास बंदी घातली. कागदावर ही मोठीच क्रांति होय. परंतु रात्रीं बोअरचें यंत्र शेतांत येतें आणि उजाडण्यापूर्वीं निघून जातें, तेथें कलमाचा आंकडा कोणी उच्चारीत नाहीं.

आतां ‘क’ची बाजूहि ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाहीं. तो म्हणतो, “मी पाणी उपसलें नाहीं तर तें ‘य’ला मिळेल याची हमी कोणी द्यावी? माझ्या वरच्या अंगास आणखी दोघे आहेत. मी थांबलों तर ते उपसतील, माझी बाग वाळेल आणि ‘य’चीहि वाळेल. बँकेचा हप्ता माझ्या सद्गुणाकडे पाहून थांबत नाहीं.” हा युक्तिवाद मला पुष्कळ दिवस अडवीत आला आहे. समुद्रांतले मासे धरणाऱ्या अनोळखी होड्यांच्या बाबतींत तो जवळजवळ बिनतोड ठरेल. परंतु एका ओढ्यावर अकरा विहिरी आहेत आणि त्या अकराहि जणांच्या घरचें हळदकुंकू एकमेकांस ठाऊक आहे. ‘दुसरा उपसील’ यांतला दुसरा येथें निनांवी नाहीं. त्यास संध्याकाळीं पारावर गांठून विचारतां येतें. ज्यास विचारतां येतें त्याच्याविषयीं नुसतें अनुमान करून वागणें, हें पुलावरच्या मौनाच्या फार जवळ जातें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें शेतीसाठीं बोअर न घेण्याचा नियम स्वतःच केला आणि पावसाचा हिशेब मांडून पिकें ठरविण्याचा प्रघात पाडला. तेथलेहि शेतकरी ‘क’ व ‘य’च होते. एका ‘क’नें एकट्यानें त्याग केला असता, तर त्याचें काय झालें असतें हें सांगवत नाहीं; पण त्यांनीं त्याग एकट्यावर सोंपविलाच नाहीं.

शेततळ्याचें प्रकरण याहून नाजुक आहे. जालना तालुक्यांतल्या कडवंचीनें पाणलोटाचीं कामें करून आणि शेततळीं घेऊन द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या. त्याचें राज्यभर कौतुक झालें आणि तें योग्यच होतें. तळें पावसाच्या वाहत्या पाण्यानें भरलें, तर तो साठा संयमाचा. परंतु पुष्कळ गांवांत प्लॅस्टिकचें अस्तर घालून, हिंवाळ्यांत विहिरी-बोअरमधून उपसलेल्या पाण्यानें तळीं भरण्याची चाल पडली आहे आणि अभ्यासकांनींहि त्यावर बोट ठेविलें आहे. जमिनीखालीं होतें तोंवर तें पाणी अकरा विहिरींचें होतें. अस्तरावर आलें कीं एकाचें झालें, आणि वर उन्हांत थोडें उडूनहि गेलें. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र दोन्हीं तळीं सारखींच निळीं दिसतात, आणि काटकसरी म्हणून दोघांचाहि सत्कार होऊं शकतो.

‘य’ला आपण या सर्व विवेचनांत गरीब बिचारा धरला. ग्रंथांत तो तसाच असतो. पण त्याचीहि बाग आहे, त्याच्यावरहि कर्ज आहे. विहीर आटल्यावर तो आठ दिवस टँकर आणतो, नवव्या दिवशीं हिशेब करतो आणि दहाव्या दिवशीं बोअरवाल्यास चारशें फुटांची सुपारी देतो. उताराच्या आणखी खालीं ‘फ’ची बाग आहे, तिची विहीर तीस फुटांची. रात्रीं यंत्र ‘य’च्या शेतांत लागतें, त्याची धडधड तिन्हीं शेतांवर ऐकूं येते, ‘क’ बांधावर येऊन उभा राहतो; आणि ‘य’ला थांब म्हणावें तर कोणत्या तोंडानें म्हणावें, हें त्यास सुचत नाहीं. ‘फ’ला अद्याप कोणी उठविलेलें नाहीं.