तिसऱ्या अपत्याचा दंड

दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्यांना पंचायतीच्या निवडणुकीला अपात्र ठरवणारे हरियाणाचे कलम सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये जावेद खटल्यात वैध ठरवले. धर्मस्वातंत्र्याचा आक्षेप तेथे टिकला नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायदा अपत्यप्राप्तीसाठी चार विवाहांना मुभा देतो, ते करायलाच हवेत असे सांगत नाही. तेव्हा मुभेवर बंधन आल्याने धर्म बुडत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. राज्यघटनेचे कलम 25 तर मुळातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. इथवरचा युक्तिवाद भक्कम आहे.

अडचण धर्मापाशी नाही, दोषापाशी आहे. जे टाळणे हाती होते, त्याचाच दंड न्याय्य. दोनांहून अधिक अपत्यांसाठी अशीच अपात्रता महाराष्ट्रातही आहे, आणि तिथल्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. ग्रामपंचायत अधिनियमात आणि सरकारी नोकरीसाठीच्या लहान कुटुंबाच्या 2005 च्या नियमांत, एका अपत्यानंतरच्या बाळंतपणात जुळी किंवा तिळी झाली तर ती एकच धरली जातात. जुळे होणे कोणाच्या हाती नसते, म्हणून ही सूट. पण मुलगा हवा म्हणून सासरच्यांनी जिच्यावर तिसरे बाळंतपण लादले, तिच्यासाठी अशी सूट नाही. जावेद खटल्यात हा मुद्दा निघाला होता. भारतीय स्त्रिया आता जागृत होत आहेत, नको असलेले तिसरे मूल जन्माला घालावे लागण्याइतक्या त्या असहाय नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. ही आशा झाली, पुरावा नव्हे. सरकारी नोकरीच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापनातही हयात मुलांची संख्या आणि तारखाच विचारल्या जातात. निर्णय कोणाचा होता, याला रकाना नाही.

मूल दत्तक देऊनही सुटका नाही. जन्म दिला तेथेच अपात्रता लागते, हे न्यायालयाने ओडिशातील एका सरपंचाच्या प्रकरणात 2018 मध्ये स्पष्ट केले. नियम म्हणून ते बरोबरच, नाहीतर पदासाठी मुले दुसऱ्याच्या ओटीत घातली गेली असती.

अर्थात पद गमावणे आणि शरीरावर सक्ती होणे यांत मोठे अंतर आहे. 1976 मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्या तुलनेत आजचा दंड सौम्य आहे, पण चुकीच्या माणसाला झालेला दंड सौम्य असला तरी अन्यायच. हरियाणाने आपले कलम 2006 मध्ये रद्द केले. महाराष्ट्राने निदान स्त्रियांपुरता तरी आपल्या नियमाचा फेरविचार करायला हवा.