गाठ, पडदा आणि पंखांचा घोडा

हेदवीला बामणघळ आहे. भरतीचं पाणी कातळातल्या चिंचोळ्या घळीत घुसतं आणि उंच उसळतं. तिथं उभं राहिलं की आम्हांला अल्लाहचं एक नाव आठवतं : अल-मुसव्विर, आकार देणारा. 'तसवीर' हा शब्द त्याच कुळातला. आकार देणं हे त्याचं काम. माणसानं त्यात हात घालावा काय, हा आमच्या घरांतला जुना प्रश्न.

यंदा तो आमच्याच ओटीवर आला. चित्रकला शिकणाऱ्या आमच्या भाचीनं प्रदर्शनासाठी आजाच्या टाकलेल्या जाळ्याच्या दोरांना गाठी मारमारून एक वाकलेला माणूस उभा केला. वडीलधाऱ्यांनी एका शब्दात निकाल दिला : बुत!

भाचीनं मृणालिनी मुखर्जींचा दाखला दिला. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात शिकलेल्या या शिल्पकर्तीनं माग न वापरता, तागाचे दोर हातानं गाठवून माणसाहून उंच आकृती घडवल्या. 'यक्षी' १९८४ ची, 'वनश्री' १९९४ ची. २०१५ च्या जानेवारीत दिल्लीत त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि काही दिवसांतच त्या गेल्या. पण 'यक्षी' हे नाव ऐकूनच घरातले आणखी बिचकले.

आम्ही मात्र हदीसकडे वळलो. हजरत आयशांच्या घरी चित्रांचा पडदा टांगलेला होता. प्रेषितांना तो रुचला नाही. आयशांनी तो कापून उश्या केल्या, आणि त्या घरात वापरल्या गेल्या. कापताना चित्रं तुटली म्हणून चाललं, असं काही उलेमा म्हणतात. मानाची जागा गेली म्हणून, असं दुसरे. त्याच आयशांच्या बाहुल्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख? असं प्रेषितांनी विचारलं, तेव्हा सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते, असं त्या म्हणाल्या. प्रेषित मनमोकळे हसले.

एकाच घरात एक कापड उतरवलं गेलं आणि एकावर हसू उमटलं. म्हणजे नुसत्या आकारावर निकाल देता येत नाही. त्या आकाराला आपण कुठं बसवतो, हेही पाहावं लागतं. अडचण अशी, की प्रदर्शन म्हणजे ना पडदा, ना खेळणं. तिथं वस्तू चौथऱ्यावर चढते आणि लोक तिच्यापुढे गप्प उभे राहतात. वडीलधाऱ्यांचं भय अगदीच पोकळ नाही.

आम्ही भाचीला विचारलं, "लोकांनी काय करावं असं तुला वाटतं?"

ती म्हणाली, "मान खाली घालावी. मासळीचा भाव पाडताना आजाचे हात कुणी बघितले नाहीत."

आम्ही निरुत्तर झालो. सजद्यात झुकलेली मान आणि शरमेनं झुकलेली मान एक नव्हे. पहिली फक्त अल्लाहची. दुसरी आपण कष्टकऱ्याचं देणं लागतो, आणि ते फार दिवस थकलं आहे.

एवढंच सुचवलं, की चौथरा नको, माणूस जमिनीवरच असू दे. ती कबूल झाली. वडीलधारे अजून गप्प आहेत. पण परवा त्यांच्यातल्या एकानं सुटलेली एक गाठ पाहिली आणि न बोलता पुन्हा बांधून दिली.