लावणीचं ताट, खुर्चीचं काम

मु. पो. भोर, जि. पुणे
आषाढ

चिरंजीव भाच्यास,


तुझं पत्र पोचलं. दिवाळीच्या आत पंधरा किलो उतरवायचे, त्यासाठी भात-भाकरी बंद करून डब्यातल्या पावडरीवर राहायचं, असा तुझा बेत आहे. वजनाचं मनावर घेतलंस, याचा मला आनंद आहे. बेत मात्र बदल. जे खाणं तू जन्मभर खाणार नाहीस, त्यानं उतरलेलं वजन ते खाणं सुटलं की परत येतं.

वजन का वाढलं ते आधी समजून घे. वेल्ह्यात तुझे आजोबा आषाढात दिवसभर चिखलणी करायचे, आजी वाकून भातलावणी करायची, बाजारालाही पायीच जाणं-येणं. ताटात दोन-तीनदा वाढून घेतलेला भात त्या कामात जिरायचा. आता चिखलणीला पॉवर टिलर आहे, बाजाराला दुचाकी आहे आणि तू हिंजवडीत नऊ तास खुर्चीत बसतोस. अंगमेहनत गेली, ताट लावणीच्या दिवसांचंच राहिलं. दोष इंद्रायणीचा नाही की आंबेमोहराचाही नाही, मापाचा आहे.

तुझा धाकटा भाऊ सडपातळ दिसतो म्हणून निर्धास्त आहे. त्यालाही हे वाचून दाखव. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापं छापली होती. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्या लोकांत चरबी अशी लपून राहते, विशेषतः पोटात. म्हणून काट्याबरोबर मोजपट्टीही वापर. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. बीएमआय २३ च्या पुढे गेला की आपण सावध व्हायचं.

आता ताटाचं. भात सोडू नकोस, एकदाच वाढून घे. अर्धं ताट पालेभाजी, फळभाजी, काकडी-मुळ्यानं भरू दे. पावसाळ्यात गावाकडून टाकळा, कुर्डू, भारंगी येते, ती कमी तेलात परतून खा. हुलग्याचं माडगं, पावट्याची किंवा मसुराची आमटी, अंडी, मासे यांतलं काहीतरी दोन्ही वेळेला हवंच. त्यानं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू कमी झडतात. नाचणीची भाकरी चांगली, पण ती पोटात गेल्यावर नाहीशी होत नाही. तीन खाल्ल्यास तर हिशेब तीन भाकरींचाच. उपासाच्या साबुदाणा खिचडीचंही तेच. पिष्ट, तूप आणि दाण्याचं कूट मिळून ती रोजच्या जेवणापेक्षा जड पडते.

चहाचा हिशेब मांड. कपाला दोन चमचे साखर म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. दिवसाचे पाच कप झाले की पन्नास ग्रॅम साखर, जवळपास दोनशे कॅलरी, आणि भूक जिथल्या तिथे. आधी एक चमचा कर, मग दोन कप कमी कर. एवढा बदल कुणालाही झेपतो.

रविवारी तोरणा चढून येतोस, ते उत्तमच. पण उतरल्यावर पायथ्याशी भजी आणि रात्री मटणाचं ताट झालं की चढणीचा हिशेब तिथेच फिटतो. उरलेले सहा दिवस पाय हलत नाहीत, खरी अडचण ती आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं हवं, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. आठवड्यातून दोनदा उठाबशा, जोर किंवा वजन उचलणंही कर. रात्री सात तास झोप घे. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते.

घाई करू नकोस. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढंच उद्दिष्ट त्यांतल्या एका गटाला दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुझ्या नव्वद किलोंत सात टक्के म्हणजे सहा किलोंच्या आसपास. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. मधे दोन-तीन आठवडे काटा हलणार नाही, तेव्हा जेवण तोडू नकोस, चालणं सोडू नकोस. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी कर, रोज नको.

दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे घराघरांत पोचली आहे. तुला वर्षानुवर्षं जमणार असेल तर खुशाल कर. घरात कुणाला साखरेची औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये. साखर एकदम उतरणं धोक्याचं असतं.

तेव्हा पावडरीचे डबे परत कर. या आठवड्यापासून भात एकदाच वाढून घे, चहाची साखर निम्मी कर आणि जेवणानंतर चालायला लाग. दसऱ्याला, लग्नसराईत आणि पुढच्या आषाढातही जेवढं करू शकशील, तेवढंच आज सुरू कर. महिन्यानं कंबरेचं माप मला कळव.

तुझी,
मावशी