वाचकाची झडती

जॉर्जियातल्या लॉरेन्स्टन या कल्पित गावात बारा माणसं महिन्यातून एकदा जमतात आणि एखाद्या जुन्या, खऱ्या खुनाची चर्चा करतात. शार्लेन हॅरिस यांच्या ‘रिअल मर्डर्स’ (१९९०) या कादंबरीतलं हे मंडळ. त्या रात्री बोलायची पाळी ऑरोरा टीगार्डनची असते. ती गावच्या वाचनालयात काम करते. तिने विषय घेतला आहे लिव्हरपूलच्या ज्युलिया वॉलेसच्या खुनाचा, १९३१ सालचा. विमा एजंट असलेल्या तिच्या नवऱ्याला कुणीतरी फोनवर निरोप ठेवून अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर पाठवलं आणि इकडे घरात ज्युलिया मारली गेली. नवऱ्याला फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती रद्द झाली, आणि कोडं तसंच राहिलं. ऑरोरा बोलायला उभी राहण्याआधीच मंडळातली एक बाई मेलेली सापडते. प्रेत ठेवलेलं असतं ज्युलिया वॉलेससारखं.

आता संशय कुणावर? ज्यांनी त्या जुन्या खुनाबद्दल वाचलं आहे त्यांच्यावर.

रक्तपात पानाबाहेर ठेवणाऱ्या, छोट्या गावात घडणाऱ्या, हौशी शोधकाच्या या कथांना इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. या प्रकारात ग्रंथपाल शोधक बरेच आहेत. जो डेरेस्की यांची मिस झुकस आहे, जेन मॅकिन्ली यांची लिंडसी नॉरिस आहे. ग्रंथपालाला माहिती कुठे शोधायची ते कळतं, गावातलं प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या टेबलापाशी येतं, म्हणून ती चांगली शोधक, असं यावर सहज म्हटलं जातं. मला हे उत्तर अपुरं वाटतं. पोलिसांना हवी असलेली एक गोष्ट ग्रंथपालाकडे नेमकी असते: कोण काय वाचतो. आणि तीच सांगायची नाही हा तिच्या पेशाचा नियम आहे. वाचकाची खाजगी माहिती गुप्त ठेवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेतच म्हटलं आहे. जिचं काम देवघेवीच्या नोंदी सांभाळायचं आणि त्यांबद्दल गप्प राहायचं, तिलाच शोधक केलं, तर कथेच्या पोटात एक खरा पेच तयार होतो.

हा पेच पुस्तकांपुरता नाही. एफबीआयची माणसं विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ग्रंथालयांत जाऊन सोव्हिएत गटातले वाचक काय मागतात याची चौकशी करत होती, हे १९८७ मध्ये उघड झालं. अनेक ग्रंथपालांनी सहकार्य नाकारलं. २००५ मध्ये कनेक्टिकटमधल्या ग्रंथालयांच्या एका संघाकडे संगणक-वापराची माहिती मागणारं एफबीआयचं पत्र आलं आणि त्याबद्दल कुणाशीही बोलायची बंदी आली. चार ग्रंथपाल नाव न सांगता कोर्टात गेले. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि सरकारने ती मागणीही सोडून दिली. मॅकिन्ली यांची लिंडसी पाच-सहा वर्षांनी अवतरली तीही कनेक्टिकटमध्येच, ब्रायर क्रीक नावाच्या कल्पित गावात. मॅकिन्ली स्वतः ग्रंथपाल होत्या.

वाचनावरून माणूस ओळखायची खोड आपल्याकडेही जुनी आहे. अभ्यासाच्या पुस्तकात रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर लपवून वाचणाऱ्या मुलाबद्दल घरच्यांना वाटायचं की पोरगं बिघडणार. त्यांचा काळापहाड वाचून किती मुलं दरोडेखोर झाली हे कुणी मोजलं नाही. मोजायची गरज कुणाला वाटली नाही, हेच मला जास्त बोलकं वाटतं. कारण भीती परिणामाची नव्हतीच. त्या मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, याची होती.

वाचनावरून घेतलेला संशय कधी खराही ठरतो, हा यावरचा आक्षेप टाळता येणार नाही, आणि हॅरिस तो टाळत नाहीत. ‘रिअल मर्डर्स’मध्ये खुनी बाहेरून येत नाहीत, त्या वाचणाऱ्यांतूनच निघतात. म्हणजे पोलिसांचा संशय बरोबर दिशेने होता. पण तेच खटले, तीच वर्णनं मंडळातल्या बाकीच्यांनीही तितक्याच आवडीने वाचली होती, आणि त्यांनी कुणाला ओरखडाही काढला नव्हता. त्यांतल्या एकीचा तर बळी गेला. वाचनाने संशयितांची यादी मिळाली, पण यादीतला कोण हे सांगताना ती गप्प. ऑरोरा खुन्यांपर्यंत पोचते ती शेजारपाजार, ओळखीपाळखी, माणसांचं वागणं-बोलणं यांतून. कुणी कोणतं पुस्तक नेलं होतं यावरून नव्हे. मला हॅरिस यांचं हे सगळ्यात पटतं.

न पटणारी जागा त्यांच्या पुढच्याच कादंबरीत आहे. ‘अ बोन टु पिक’मध्ये मंडळातली वयस्क जेन एंगल मरताना आपलं घर ऑरोराच्या नावे करते आणि त्या घरात ऑरोराला माणसाची कवटी सापडते. ऑरोरा पोलिसांना कळवत नाही. जेनचं नाव खराब होऊ नये म्हणून ती कवटी लपवते आणि स्वतःच शोध घेते. लेखिकेची सहानुभूती ऑरोराकडे आहे. ऑरोराची निष्ठा समजते, तरी मला इथे तिच्याशी भांडावंसं वाटतं. देवघेवीची नोंद गुप्त राखावी, कारण तिच्यात फक्त वाचक असतो आणि त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नसतं. शिवाय ही गुप्तता कोर्टाच्या रीतसर आदेशापुढे वाकते, हे ग्रंथपालांनाही मान्य आहे. कवटी कुणाची तरी असते. ती ज्याची, त्याची वाट पाहणारं माणूस त्याच गावात राहत असू शकतं, आणि जेनच्या नावापेक्षा त्याचा हक्क मोठा आहे.