भिंतीला इंजिन कशाला?

मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवाला सामोरं जायला ज्ञानदेव-मुक्ताईंनी बसल्या जागची भिंत चालवली, ही गोष्ट इथल्या पोराच्या कानावर शाळेत जायच्या आधीच पडते. त्या भिंतीचं इंजिन आजवर कुणी शोधलेलं नाही, आणि त्यावाचून कुणाची भक्तीही अडलेली नाही. पुष्पक विमानाचं नशीब तेवढं चांगलं नाही. गेली शंभर वर्षं कुणी ना कुणी त्याला इंजिन जोडून त्यात पारा भरतो आहे. प्राचीन भारतात खरीखुरी विमानं उडत होती असं मानणं ही श्रद्धा म्हणायची का? मला तो श्रद्धेचा तुटवडाच वाटतो. कथेवरचा विश्वास पुरेना, म्हणून यंत्राची साक्ष काढायची.

ही साक्ष ज्यावर उभी आहे तो ‘वैमानिक शास्त्र’ नावाचा ग्रंथ भरद्वाज ऋषींच्या नावावर चालतो. प्रत्यक्षात तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुब्बराय शास्त्रींनी तोंडी सांगितला. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी त्याची भाषा तपासली, आकृत्या गणिताला लावल्या. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातलं एकही विमान उडू शकत नाही, असा निकाल लागला. यावर कुणी म्हणेल, ऋषींचं सामर्थ्य प्रयोगशाळेत मोजता का? भिंत योगबळाने चालली म्हणणाऱ्या वारकऱ्याला हा प्रश्न शोभतो, कारण तो प्रयोगशाळेच्या वाटेला गेलेलाच नाही. पण ज्याने पारा, धातू आणि वेग यांची भाषा काढली तो आपल्या पायांनी तिथे गेला. आता निकाल उलटा लागला म्हणून देवघरात पळता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ग्रंथ जळाले, परंपरा तुटल्या, मग पुरावा उरणार कुठून? याला उत्तर चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला दगडावर कोरलेलं आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (हा योगी चांगदेव नव्हे) याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला. शके ११२८ म्हणजे इ.स. १२०७ चा तो शिलालेख मठासाठी कुणी काय द्यायचं ते नोंदवतो, आणि त्यात दर घाण्यामागे पळीभर तेलही आहे. आठशे वर्षांपूर्वीची तेलाची पळी टिकली. विमान उडायचं तर खाणी, भट्ट्या, इंधन, कारागीर, त्यांचे पगार, राजाचा कर, एवढा पसारा लागतो. त्यातली पळीभरही नोंद कुठे सापडू नये? आणि ज्या भास्कराचार्यांसाठी हा खटाटोप होता, ते स्वतः कसे विचार करत? पृथ्वीला कुणाचा तरी आधार आहे म्हटलं तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा. शेवटी कुणीतरी स्वतःच्या शक्तीने राहतं असं मानायचंच, तर पृथ्वीच तशी राहते असं का मानू नये, हा त्यांचा युक्तिवाद. गोलाच्या पृष्ठफळाचं लल्लाचार्यांचं सूत्र चुकीचं आहे हेही त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. पूर्वसूरींचा आदर त्यांना यात आड आला नाही.

खऱ्या विमानविद्येची जात हीच आहे. १९२८ साली जुहूला सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब आता धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर वैमानिक घडवतो. असल्या लहान प्रशिक्षण विमानात शिकाऊ वैमानिक उड्डाणाआधी पंखाखालून थोडं इंधन पारदर्शक पेल्यात काढतो आणि उजेडात धरून पाहतो, तळाशी पाण्याचा थेंब तर नाही ना. काल पाहिलं होतं, ही सबब चालत नाही. १६ जुलै २०२१ ला चोपडा तालुक्यात वर्डीजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, असंच एक शिकाऊ विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले, जखमी मुलीला उचलून न्यायला एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून झोळीला दिली. अपघाताची चौकशी होते, चूक लिहून ठेवली जाते, पुढची तपासणी एका ओळीने वाढते. जळगावचा विमानतळ २०१२ साली सुरू झाला, पण नियमित प्रवासी सेवेला २०१७ चा डिसेंबर उजाडला, तीही मध्येच बंद पडली. वैमानिक शास्त्रातल्या विमानांना असला त्रास कधीच नाही. ज्या विद्येत एकही विमान पडल्याची नोंद नाही, तिच्यात एकही उडालं नसावं.

गुलामगिरीत पिचलेल्या समाजाला अशा अभिमानाची गरज होती, हे मान्य. १८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा त्याच भुकेपोटी वाढली. तिला समकालीन भक्कम पुरावा नाही, पण तळपद्यांचा ध्यास खोटा ठरवायचं कारण नाही. स्वप्न पुष्पकाने दिलं असेलही. तरी अभिमानाला खऱ्या गोष्टी कमी नव्हत्या. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, आणि पुढे आपल्या शेजारच्या ओझरला मिग विमानं बांधली गेली. इकडे दरवर्षी ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. भिंत चालली यावर या माणसांचा पुरता विश्वास आहे, आणि महिनाभराची वाट ती पायीच तुडवतात.