विषाचे अनुमान आणि माणसाचे दायित्व

उज्जयिनीच्या टावर चौकातून महाकालाच्या दर्शनास निघालेला भाविक नीलकंठाचे स्मरण करतो. जगाला बाधू नये म्हणून शंकराने हलाहल स्वतः प्राशन केले. आम्ही मात्र आमच्या विषांची परीक्षा मुक्या प्राण्यांवर घेत आलो. आता संगणक नव्या द्रव्याची रेणुरचना ज्ञात विषांशी ताडून त्याचे विषारीपण आधीच वर्तवितो. २०२३ च्या नियमदुरुस्तीने भारतात औषधांच्या परीक्षेत या मार्गास मान्यता मिळाली, हे भूतदयेला धरूनच झाले.

तथापि हे अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. धुरावरून अग्नी ओळखावा, तसे हे ज्ञान. जे द्रव्य पूर्वी पाहिलेल्यांपैकी कशासारखेच नाही, तेथे व्याप्तीच तुटते. शिवाय १९८४ च्या डिसेंबरात भोपाळात जो वायू सुटला, त्याचे घातकपण अज्ञात नव्हते. उणीव ज्ञानाची नव्हती, दक्षतेची होती. पुढे १९८६ साली दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने असे उद्योग चालविणाऱ्यांवर निरपवाद दायित्व ठेवले. तेव्हा ‘यंत्राने निर्धोक म्हटले होते’ ही सबब आम्हांस ग्राह्य वाटत नाही. यंत्र विष ओळखील. त्याचा भार माणसानेच वाहिला पाहिजे.