पापलेटातला 'ल'

थोडं सैल बसा. डोळे मिटा, नाही मिटले तरी चालेल. एक शब्द मनातल्या मनात, अगदी सावकाश म्हणायचा आहे: पापलेट.

ओठ दोनदा मिटतात. मग त्यांचं काम संपतं आणि जीभ उठते. 'ले' म्हणताना तिचं टोक दातांच्या मुळाशी टेकतं, 'ट'ला किंचित मागे वळून टाळूला लागतं आणि शब्द तिथेच थांबतो. पुन्हा एकदा म्हणा. ज्यांच्या घरी मासे होत नाहीत त्यांनीही म्हणावा. शब्द शाकाहारीच असतो.

आता त्या शब्दामागून काय येतं ते बघत राहा. कोणाला बाजारातला ओला ओटा दिसेल, कोणाला तव्यावर चुरचुरणारा रवा ऐकू येईल, कोणाला हिरवी चटणी भरून दोऱ्याने बांधलेलं अख्खं पापलेट आठवेल. येऊ दे. मासा स्वतःही येईल: चपटा, रुंद, चंदेरी, दुभंगलेल्या शेपटीचा. खवले इतके बारीक की बोट फिरवलं तरी निघून येतात. बहुतेक माशांच्या पोटाखाली परांची एक जोडी असते. याला ती नसते. त्यामुळे खालची कड कशी एका रेषेत उतरते, तिच्यावरून नजर फिरवा.

मग शब्दाला प्रत्यय लावून बघू. पापलेटाचं कालवण. 'टेबल'चं टेबलाखाली होतं, 'साबण'चं साबणाने होतं, तसं 'पापलेट'चं पापलेटाचं. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. परका शब्द ते घेऊ लागला की तो घरातला झाला असं मी समजतो. आता 'पॉम्फ्रेटाचं' म्हणून बघा. जीभ अडखळते ना? आपण 'पॉम्फ्रेटचं' म्हणतो. शब्दाला हात न लावता प्रत्यय नुसता बाहेरून चिकटवतो. पाहुण्याला अजून घरातलं काम सांगत नाही आपण. (हल्ली 'पापलेटचं'ही सर्रास ऐकू येतं. त्यावरून भांडायला नको.)

तरीही हॉटेलात मेन्यूकार्डावर 'पॉम्फ्रेट फ्राय' दिसलं की जन्मभर पापलेट म्हणत आलेला माणूस वेटरला पॉम्फ्रेट म्हणून सांगतो. मीही सांगितलं आहे. त्या क्षणी आत काहीतरी आक्रसतं. इथे जरा थांबा आणि त्या आक्रसण्याकडे बघा. आपल्या मनात एक हिशोब ठरलेला असतो: इंग्रजी शब्द अस्सल, आपला त्यातून मोडलेला. आपल्या आज्यांना 'फ्रे' जमला नाही, म्हणून 'प्ले' झाला.

आता श्वास सोडा आणि तो 'ल' पुन्हा जिभेवर घ्या.

अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश दर्यावर्दीने १७२७ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात बालासोरच्या किनाऱ्यावर थव्याने येणाऱ्या एका चविष्ट माशाचं नाव 'पॅम्प्ली' असं लिहिलं आहे. माफक खाणाऱ्याचं जेवण दोन माशांत होतं, असंही तो नोंदवतो. पाँडिचेरीचे फ्रेंच याच माशाला 'पाम्प्ल' म्हणत. इंग्रजीतही पॉम्फ्रेटच्या आधीचं रूप 'पॅम्फ्लेट' होतं. यातल्या प्रत्येकात 'ल' आहे. 'र' नंतर आला. म्हणजे आपल्या आज्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या तोंडी जुना 'ल' राहिला होता, आणि इंग्रजांनी तो वाटेत कुठेतरी टाकला. शुद्ध-अशुद्धाचा तराजू हातात असेल तर तो खाली ठेवायला ही बरी जागा आहे.

'ल'च्याही मागे जाऊ. युल आणि बर्नेल यांनी १८८६ साली काढलेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश या नावाचं मूळ पोर्तुगीज 'पांपानो'त शोधतो. त्याचा अर्थ द्राक्षवेलीचं पान. आता डोळ्यांसमोरचा मासा हळूच फिरवा. रुंद, पातळ, शेपटीकडे निमुळता. देठाला धरून कोणी पान उचलावं तसा. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांच्या गावी द्राक्षमळे होते. समुद्रातून वर आलेल्या चपट्या जिवात त्यांना आपल्या अंगणातलं पान दिसलं. तमिळ माणसाला त्याच आकारात वटवाघूळ दिसलं. तो याला 'वव्वाल' म्हणतो. बांगलादेशात तो 'रूपचांदा', रुपेरी चंद्र. (त्याच नावाचा भाऊ शोभेल असं 'रूपचंद' आपल्याकडच्या बाजारात दक्षिण अमेरिकेतल्या एका गोड्या पाण्यातल्या माशाला मिळालं आहे. नावं पोहतात ती अशी.) पान, वटवाघूळ, चंद्र. तिन्ही एकेक करून माशावर ठेवून बघा. कुठलं बसतं ते ठरवायचं नाही.

आणि आपल्याला काय दिसलं? मालवणकडे याला सरंगा म्हणतात. काही बाजारांत मोठं पापलेट तेवढं सरंगा. उसना शब्द आला म्हणून घरचा मेला नाही. दोघांनी ओट्यावर शेजारी बसून गिऱ्हाईक वाटून घेतलं.

महाराष्ट्राने २०२३ साली हाच चंदेरी मासा राज्यमासा म्हणून निवडला. उसन्या नावाचा राज्यमासा! मला यात गंमत वाटते, कमीपणा नाही. त्याच वर्षी कोणता मासा किती लहान असताना पकडायचा नाही याचीही मापं ठरली. पापलेटाचं माप १३५ मिलिमीटर. हात पुढे करा, वीत पसरा. त्या वितीतही थोडी जागा उरेल, एवढंसं पिल्लू. बारीक आसाच्या जाळ्यात ते अजूनही येतं आणि टोपलीत 'पापलेट' म्हणूनच विकलं जातं. बोलून शब्द झिजत नाही. माशाचं तसं नाही. वीत आणखी थोडा वेळ पसरलेली राहू दे.

आता हात मिटा, डोळे उघडा. पुढच्या वेळी बाजारात गेलात की ओट्यासमोर उभं राहून विचारा, "मावशी, पापलेट कसं दिलं?" विचारताना 'ल'ला किंचित जास्त वेळ द्या. तिच्या लक्षात येणार नाही. ती कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवेल.